सहा किलोंच्या आत

रचना येलवे यांनी तीस वर्षं वजनं केली ती दुसऱ्यांच्या बाळांची. स्वतःच्या पाठीवर किती आहे हे त्यांनी चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा तोलून पाहिलं, आणि तेही एका परक्या मुलीच्या टाचेला फोड आला म्हणून.

वेळशेतच्या उपकेंद्रात त्या आरोग्य सेविका आहेत. गाव त्यांना सिस्टर म्हणतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक फळी आणि बाळांचं वजन करायचे दोन काटे. एक टेबलावरचा, ग्रॅम दाखवणारा. दुसरा हातात धरायचा, खाली कापडी झोळी असलेला. बोर्ली पंचतनहून येणारा रस्ता दारासमोर संपतो आणि मागच्या बाजूला डोंगर सुरू होतो. डोंगरावर, दीड-दोन तासांच्या चढावर, चिंचमाळ ही कातकरी वाडी आहे. तेवीस घरं. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी सिस्टर लशींचा निळा डबा खांद्याला अडकवून तिथे जात. एकोणीस वर्षं जात होत्या.

यंदाच्या जानेवारीत ते थांबायची वेळ आली. सिस्टरांच्या मणक्यातल्या दोन चकत्या सरकल्या होत्या, आणि हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की सहा किलोंपेक्षा जास्त वजन उचलू नये. डबा वाहायला मदतनीस कधीच मिळाला नव्हता, आताही मिळणार नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सुजित हे तिशीचे, सरळ गृहस्थ. त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली.

"सिस्टर, वाडीचं सत्र वेळशेतला जोडून टाकू. बायका पोरांना घेऊन खाली येतील."

"येणार नाहीत, सर."

"बाजाराला येतात की."

"बाजाराला येतात, कारण बाजारातून काहीतरी घेऊन परत जातात. इथून काय नेणार? तापानं रडणारं पोर."

सिस्टर हे अंदाजानं बोलत नव्हत्या. पलीकडच्या डोंगरावरच्या एका वाडीचं सत्र असंच खाली आणलं होतं. पहिल्या महिन्यात चौदापैकी तीन मुलं आली, दुसऱ्या महिन्यात एक, आणि तिसऱ्या महिन्यात सिस्टर रिकाम्या सतरंजीकडे बघत बसल्या होत्या.

"चिठ्ठी माझ्या फाइलला लागलीय," डॉक्टर म्हणाले. "उद्या तुम्ही डोंगरावर आडव्या पडलात तर उत्तर मला द्यायचंय. एक करा. सगळं सामान सहा किलोंच्या आत बसवून दाखवा. फेब्रुवारीच्या बुधवारी निघताना मी स्वतः वजन करीन. बसलं तर सत्र चालू. नाही बसलं तर खाली."

चार बर्फाच्या पट्ट्या आणि लशी भरलेला डबाच साडेतीन किलोंच्या वर जातो, हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच आठवड्यात अमिषा आली. वय असेल सव्वीस. पनवेलची, केस बारीक कापलेले, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट. रेवसच्या धक्क्यापासून ती एकटी किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत निघाली होती, खाडी होडीनं ओलांडून इकडे आली होती, आणि टाचेला रुपयाएवढा फोड घेऊन उपकेंद्राच्या पायरीवर बसली होती.

"चूक माझीच, सिस्टर. टाच गरम झाल्यासारखी वाटली तेव्हाच थांबायला हवं होतं. म्हटलं, पुढच्या गावात बघू."

सिस्टरांनी फोड साफ केला, पट्टी बांधली. मग त्यांचं लक्ष तिच्या पाठपिशवीकडे गेलं. शाळेत जाणारी मुलं याहून मोठं दप्तर नेतात.

"बाकीचं सामान गाडीत आहे का?"

"एवढंच आहे."

"किती दिवस चालतेयस?"

"आज सहावा."

"झोपतेस कुठे?"

"याच्यात."

सिस्टरांनी न विचारता पिशवी उचलली आणि झोळीच्या काट्याच्या आकड्याला लावली. चार किलो दोनशे. काटा पाच किलोंपर्यंतचाच होता. तो ताणला गेला, पण पुरला.

"दीड महिन्याचं बाळ," त्या म्हणाल्या. "बाळसं धरलेलं. यात तुझं घर आहे म्हणतेस?"

पुढचा दीड तास उपकेंद्रात रुग्ण आला नाही, हे बरं झालं. अमिषानं पिशवी फळीवर रिकामी केली. मुठीत मावेल असा कापडाचा गोळा, तो उघडल्यावर माणूस झोपेल एवढं छप्पर झालं. छपराला खांब नव्हता. चालायची काठीच खांब. पाठीला टोचू नये म्हणून पिशवीत मागच्या बाजूला जाड घडी होती, तीच रात्री अंथरूण. दात घासायचा ब्रश अर्धा कापलेला. चिकटपट्टीचा गठ्ठा नाही, पट्टी पेनाभोवतीच गुंडाळलेली. पावसाळी खोळ नाही. आत कचऱ्याची एक मोठी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळं.

"खोळ बाहेरून घातली की पाणी पाठीकडून आत जातं," अमिषा म्हणाली. "पिशवी भिजू दे. आतलं कोरडं राहिलं की झालं."

सिस्टरांनी प्रत्येक वस्तू टेबलावरच्या काट्यावर ठेवून पाहिली. ब्रश नऊ ग्रॅम. त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी वही ओढून तो आकडा लिहून ठेवला.

"ब्रश कापून काय वाचतं गं? सहा ग्रॅम?"

"सहाच. पण ब्रश कापायला बसलं की बाकी सगळ्याकडे तशीच नजर जाते. प्रत्येक वस्तूला विचारायचं, तू नसलीस तर काय होईल?"

"आणि ती म्हणाली, काहीतरी होईल?"

"मग विचारायचं, तुझं काम दुसरं कोण करील?"

जाताना अमिषानं चढाचं चालणं अंगणात करून दाखवलं. पाऊल लहान. मागचा पाय सरळ झाला की त्याच्यावर क्षणभर उभं राहायचं, भार हाडावर सोडायचा, स्नायूला तेवढी उसंत, मग पुढचं पाऊल. आणि पाणी पाठीवरून कमी, पोटातून जास्त न्यायचं: झऱ्यावर पोटभर प्यायचं, पुढच्या झऱ्यापुरतंच बरोबर घ्यायचं. "वाटेत पाणी कुठे आहे हे ठाऊक असलं की एक किलो कमी होतो. ठाऊक असणं ही एकच गोष्ट अशी आहे सिस्टर, जिला वजन नाही."

ती लंगडत गेली. सिस्टरांनी त्याच संध्याकाळी वाडीला नेण्याचं आपलं सामान फळीवर मांडलं. आकडे लिहून बेरीज केली: अकरा किलो चारशे. दोन वर्षांचं मूल. एकोणीस वर्षं त्या दर महिन्याला एक दोन वर्षांचं मूल उजव्या खांद्यावर घेऊन डोंगर चढत होत्या, आणि ते कुणाचं, कशासाठी, हे त्यांनी विचारलं नव्हतं. ओझ्याची सवय झाली की ते शरीराचाच भाग वाटू लागतं. आपण त्याला आपलं म्हणतो.

सिस्टरांचे यजमान रत्नपाल न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत. दर पंधरा दिवसांनी घरी येतात. या खेपेला आले तेव्हा घरात फळी, काटा, वही, आणि मध्ये बायको मांडी घालून बसलेली.

"काय चाललंय? दुकान काढलंस का?"

"हात लावू नका. तो ढीग 'लागतं'चा आहे, हा 'बघू'चा."

"आणि माझ्यासाठी कुठला ढीग?"

"तुम्ही अठ्ठ्याहत्तर किलो आहात. तुम्ही घरीच राहायचंय."

रत्नपाल हसत बसले, पण थोड्या वेळानं वाकून वही वाचू लागले. वजन हा त्यांचाही रोजचा विषय. जहाजावर चढण्याआधी प्रत्येक कंटेनरचं वजन लिहून द्यावं लागतं.

"रिकाम्या पिशवीचं वजन कुठाय?"

"पिशवीचं कशाला? पिशवी तर हवीच."

"आमच्याकडे कंटेनरच्या दारावर रंगवलेलं असतं, रिकामा किती भरतो ते. माणूस मालाकडे बघतो. डबा फुकटचा आहे असं समजून चालतो."

सिस्टरांनी त्यांची रेक्झिनची पिशवी झटकून काट्यावर ठेवली. एक किलो तीनशे. तो आकडाही वहीत गेला.

"तीस टनांची पेटी हलवणारा मी," रत्नपाल म्हणाले, "आणि घरी आलो तर बायको टॉर्च तोलतेय. यार्डात सांगितलं तर कोणी जेवायला बरोबर बसवणार नाही."

पुढचे पंधरा दिवस सिस्टर सगळीकडे या एकाच नजरेनं बघत होत्या. स्टीलच्या बाटल्या गेल्या. तीन पुडांचा जेवणाचा डबा गेला. त्याऐवजी तिळाचे दोन लाडू, तीस-तीस ग्रॅमचे. सगळ्या उपकेंद्राची रजिस्टरं न नेता चिंचमाळच्या घरांचीच पानं हातानं उतरून काढली, तेवीस घरं चार पानांत बसली. गोळ्यांचा पुरा डबा जाऊन तेवढ्या घरांना पुरतील एवढ्याच पुड्या आल्या. छत्री गेली, ओढणी राहिली: ती टॉवेल, तीच उन्हाला डोक्यावर, तीच बाळाखाली. दिवेआगरच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पॅराशूटनं उडवणारा सनी हा त्यांच्या नात्यातला. त्याच्याकडे फाटलेलं पॅराशूट पडून होतं.

"मावशी, याचा परकर शिवणार का काय?"

"पिशवी."

"लाल-पिवळी पिशवी घेऊन सरकारी कामाला जाणार? लोक म्हणतील सिस्टर उडायला लागली."

त्या कापडाची पिशवी सिस्टरांनी स्वतः शिवली. सगळा विचार निळ्या डब्याभोवती. डब्याला कारखान्यातून एकच पट्टा येतो, एका खांद्यावर टाकायचा. सगळी वर्षं पाठीचा एकाच बाजूचा दोर ओढला गेला होता. त्यांची आई पुतळाबाई डोक्यावरून सरपणाच्या फाट्यांचा भारा आणायची. चाळीस किलोंचा असेल. पण भार सरळ कण्यावरून खाली उतरायचा आणि म्हातारपणीही आई ताठ चालायची. सिस्टरांना हे आठवलं ते शिवणयंत्रावर बसल्यावर. आईबद्दल इतकी वर्षं त्यांना फक्त वाईट वाटत आलं होतं. तिच्या चालण्यात काही कसब होतं, हा विचार नवा होता. पिशवीत डबा पाठीला अगदी चिकटून, खांद्यांच्या पात्यांशी बसेल असा कप्पा केला. दोन पट्टे, आणि तिसरा रुंद पट्टा कमरेला, म्हणजे भार कुल्ल्यांवर यावा. पिशवी भरली दोनशे साठ ग्रॅम.

तरीही बेरीज सहा किलो दोनशे तीसवर अडली. डबा, सुया आणि सुया कापायचं यंत्र, तातडीच्या औषधांची पुडी, रक्तदाबाचं यंत्र, अर्धा लिटर पाणी. कशालाच विचारायची सोय उरली नव्हती. उरला होता हातातला काटा, झोळीसकट तीनशे नव्वद ग्रॅम. तो नवजात बाळांसाठी. सिस्टरांनी यादी काढली. चिंचमाळला या महिन्यात एकही बाळंतपण अपेक्षित नव्हतं. अर्धी वाडी तर वीटभट्ट्यांवर गेलेली. यादीत नाही म्हणजे बाळ नाही. काटा खिळ्याला लावून ठेवला.

बुधवारी सकाळी आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पिशवी स्वतः काट्यावर ठेवली. पाच किलो आठशे चाळीस.

"हे कसं केलंत?"

"विचारत गेले, सर."

"कुणाला?"

"वस्तूंना."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि पुढची तपासणी न करता जाऊ दिलं.

डोंगर तोच होता. त्या लहान पावलं टाकत गेल्या, मागच्या पायावर क्षणभर थांबत. पहिल्या झऱ्यावर पोटाला तडस लागेपर्यंत पाणी प्याल्या. घाम येण्याआधीच स्वेटर काढून कमरेला बांधलं. टाच किंचित गरम लागली तशा खाली बसून त्यांनी पेनावरची पट्टी सोडवून लावली. नेहमी त्या खाली बघून चढत. ओझ्याखालचा माणूस बघणार कुठे? या वेळी त्यांना दिसलं की निम्म्या वाटेवरून समुद्र दिसतो. एकोणीस वर्षं तो तिथेच असणार.

वाडीत पत्र्याच्या शेडमध्ये सत्र भरतं. काशी ही वाडीतली जुनी बाई, साठीच्या पुढची. पोरं गोळा करायचं काम तिचं. तिनं लाल-पिवळी पिशवी दोन बोटांनी उचलून पाहिली.

"बया! पाठीवं काय न्हायच की गं. दमली न्हाईस वाटतं आज?"

"हलकं सामान आणलं, काशीबाई."

"आमी भट्टीवं जातो तवा सा म्हैन्यांचा संसार दोन डोस्क्यांवं जातो. आमाला कुनी न्हाय इचारीत, कसं हलकं केलं."

काशी हसत होती. सिस्टर डबा उघडून सुया मांडू लागल्या. हलकं करणं आणि जवळ काही नसणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. काट्यालाही फरक कळत नाही.

सात मुलं टोचून झाली तेव्हा काशीची सून कमळ पुढे आली. ती भट्टीवर असायला हवी होती. पदराखाली काहीतरी होतं, मांजराच्या पिल्लाएवढं. मुलगी. नऊ दिवसांची. दिवस भरायच्या आधीच भट्टीवर जन्मली. परवाच दोघं नवरा-बायको तिला घेऊन वर आले होते. यादीत ती कुठेच नव्हती.

सिस्टरांनी बाळ हातात घेतलं. हात तीस वर्षांचे. हातांनी सांगितलं, दोनच्या आसपास. दोनच्या वर आणि चांगली पीत असेल तर घरीच जपता आली असती. दोनच्या खाली असेल तर आजच रुग्णालयात न्यायला हवं. आणि आसपास म्हणून कोणी भट्टीची उचल अंगावर असताना, बाळंतिणीला घेऊन पुन्हा डोंगर उतरत नाही. कमळचा नवरा भिकू शेडच्या खांबाला टेकून उभा होता.

"बरीच बारीक आहे. खाली न्यायला लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"किती भरली?"

"काटा नाही आणला."

"काटा न्हाय आनला," भिकूनं तेवढंच परत म्हटलं.

तीनशे नव्वद ग्रॅम. सिस्टरांनी सगळ्या वस्तूंना विचारलं होतं; काट्याला विचारलं नव्हतं, यादीला विचारलं होतं.

"त्यात काय एवढं?" काशी म्हणाली. "तोलू की. मध आनतो तवा काय तुझा काटा अस्तो?"

तिनं कावडीची बांबूची काठी आणली, मध्यावर दोरी बांधून शेडच्या वाशाला टांगली. एका टोकाला लुगड्याची झोळी, दुसऱ्या टोकाला सिस्टरांची रिकामी पिशवी. काठी कलली, तशी काशीनं पिशवीत चार खडे टाकून ती आडवी केली.

"आता वजनं आन."

"वजनं कुठून आणू?"

आणि हे म्हणतानाच सिस्टरांना कळलं की त्यांच्यापुढे वजनंच वजनं पडली आहेत. एकेका वस्तूचा आकडा त्यांना पाठ होता. झोळीत बाळ निजवलं. पिशवीत पाण्याची बाटली गेली, झऱ्यावर काठोकाठ भरलेली, पाचशे वीस. रक्तदाबाचं यंत्र तीनशे ऐंशी. गोळ्यांच्या पुड्या, त्यांतल्या आज वाटलेल्या वजा करून, दोनशे पन्नास. सुया कापायचं यंत्र दोनशे पन्नास. ओढणी एकशे दहा. मोबाइल एकशे नव्वद. वाडी भोवती जमली. काठी हलली, पण बाळ खालीच.

"आजून हाय पोरगी," कोणीतरी म्हणालं.

सिस्टरांनी कागद, पट्टीचं पेन, चष्म्याचं घर टाकलं. मिळून शंभर. काठी जवळजवळ आडवी. एक लाडू वाटेत खाल्ला होता. उरलेला त्यांनी पिशवीत ठेवला. काठी थरथरली आणि स्थिर झाली.

"लाडवाव अडली बग!" काशी ओरडली. "आज्जीच्यावानी खादाड हाय."

सिस्टरांनी दोन्ही टोकं बदलून पुन्हा तोललं, कारण काठीचा मध्य किंचित चुकला असेल तर ते तिथे उघडं पडतं. तेवढंच भरलं. अठराशे तीस.

"दोनला किती कमी?" भिकूनं विचारलं.

"तुझ्या हातातला मोबाइल दे." सिस्टरांनी तो बाळाच्या बाजूला ठेवला. काठी तिकडे झुकली. "जवळजवळ एवढी."

भिकूनं मोबाइल उचलून तळहातावर तोलून पाहिला. मग म्हणाला, "निघू."

बाळ थंड पडू नये म्हणून कातडीला कातडी लागायला हवी होती. कमळ आधीच थकलेली. म्हणून सिस्टरांनी भिकूला शर्ट काढायला लावला, बाळ त्याच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, ओढणीनं दोघांना एकत्र घट्ट बांधलं आणि वरून शर्ट घातला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"भिक्या, आता दूध बी पाज रं!"

"गप बसा गं," भिकू म्हणाला, पण हात शर्टाखालच्या उंचवट्यावरून काढला नाही. ओझं जितकं अंगाला चिकटून तितकं कमी लागतं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

कमळ काठीच्या आधारानं उतरली, गुडघे किंचित वाकवून, दर पंधरा मिनिटांनी बसून. बसली की बाळाला पाजायची. चार तास लागले. केंद्रातल्या काट्यावर बाळ भरलं अठराशे पन्नास. रुग्णवाहिका मायलेकींना आणि भिकूला घेऊन गेली.

मग डॉक्टर सिस्टरांनी वाडीत लिहिलेल्या पानाकडे वळले. "वाडीत अठराशे तीस लिहिलंय. वीस ग्रॅमचाच फरक. पण काटा तर उपकेंद्रात आहे म्हणालात."

सिस्टरांनी सगळं सांगितलं. लाडवासकट.

डॉक्टर हसले नाहीत. "काटा पिशवीत असता तर?"

त्यांना खोटं बोलायची सोय नव्हती. सकाळचा आकडा डॉक्टरांनीच घेतलेला होता. "सहा किलो दोनशे तीस," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे बसलं नाही."

"काट्याशिवाय मी पुन्हा जाणार नाही, सर. आणि काटा घेऊन तुम्ही जाऊ देणार नाही." उतरताना चार तास त्या याच गाठीशी झगडत होत्या. "म्हणून काटा वरच ठेवू. बाळं वर, काटा खाली, हेच उलटं आहे. मी जाईन ती पाच किलो आठशे चाळीसनंच."

"सरकारी वस्तू, सिस्टर. वाडीत कुणाच्या ताब्यात?"

"काशीबाई."

डॉक्टरांनी साठ्याचं रजिस्टर उघडलं. "पूर्ण नाव?"

सिस्टर आठवू लागल्या. काशी. काशीबाई. पुढे काय?

"एकोणीस वर्षं जाताय ना?" डॉक्टरांनी सहज विचारलं. रजिस्टर त्यांनी मिटलं नाही. "पुढच्या महिन्याच्या बुधवारी काटा घेऊन जा, एवढी एक खेप मी बघितलं नाही. नाव आणा, सही आणा. आणलीत तर सत्र कायम. ताबा घ्यायला कोणी तयार नसेल तर माझा नाइलाज आहे."

मार्चच्या बुधवारी सिस्टरांनी शेडमध्ये रजिस्टर उघडलं आणि काशीला विचारलं. काशी उठून दोन पावलं मागे गेली.

"नाव कशाला?"

"काटा तुमच्याकडे राहणार. म्हणून."

"माझ्या घरात नको. उद्या कुनी पोलीस आला नि म्हनला, सरकारचा काटा कातकरनीच्या घरात कुठनं आला, तं तू येशील का धावत खालनं?"

सिस्टरांना सांगता आलं असतं की तसं होणार नाही. त्यांनी ते सांगितलं नाही, कारण होतं हे त्यांना ठाऊक होतं. रुग्णालयातून चार दिवसांपूर्वी परतलेली कमळ बाळाला पाजत बसली होती. बाकीच्या बायका उठायच्या बेतात होत्या.

"मग कसं करू या, काशीबाई? कुणाच्याच नावावर नसेल तर मला वर येता येणार नाही."

काशीनं वाशाकडे बोट केलं. "हितंच टांग. शेडात, सगळ्यांच्या म्होरं. नि माझं एकलीचं नाव नको. लिवायचं तं समद्यांचं लिव. अकरा घरातल्या बाया हायेत आता वाडीत. पोलीस अकरा जनींना नेत न्हाय, गाडीत मावत न्हाईत."

हशा झाला, आणि हशातच पहिली बाई पुढे सरकली.

त्या पानावर डॉक्टरांनी पुढे कपाळाला आठ्या घालून सही केली, आणि चिंचमाळचं सत्र आजही दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी भरतं. पण त्या दुपारी सिस्टरांना एवढंच दिसत होतं की ताबा घेणाऱ्या व्यक्तीच्या नावासाठी छापलेली जागा एका ओळीची आहे. काशी भागोजी वाघमारे तिच्यात मावली. बाकीची नावं समासातून खाली उतरत गेली. नाव, वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव, माहेर कुठलं. सिस्टर विचारत होत्या त्याहून जास्त बाया सांगत होत्या, आणि मध्येच एकमेकींना दुरुस्त करत होत्या.

शेवटी कमळ आली. तिचं नाव लिहून झालं, अंगठा झाला, तरी ती उठली नाही.

"हिचं बी लिव."

"लिहिते. काय नाव ठेवलंत?"

"आजून ठेवलं न्हाय."

"मग काय लिहू?"

"जागा सोड," कमळ म्हणाली.

सिस्टरांनी अकराव्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली.